कॅट बलू

कॅट बलू हा १९६५ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदी वेस्टर्न चित्रपट आहे. दिग्दर्शन एलियट सिल्व्हरस्टाईन यांचे असून जेन फोंडा व ली मार्व्हिन यांच्या प्रमुख भूमिका आहेत. रॉय चान्स्लर यांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, ती मात्र गंभीर प्रकृतीची आहे.

कथानक १८९४ मधील वायोमिंगमध्ये घडते. शिक्षण संपवून घरी परतलेल्या कॅथरीनच्या वडिलांची जमीन पाण्याच्या हक्कासाठी एक कंपनी बळकावू पाहत असते. त्यांच्या रक्षणार्थ ती किड शेलीन या बंदूकबाजाला बोलावते. ज्याच्या शौर्यकथा तिने स्वस्त पुस्तकांतून वाचलेल्या असतात, तो प्रत्यक्षात असा मद्यपी निघतो की समोरच्या कोठारावरही त्याचा नेम लागत नाही. थोडी दारू पोटात गेली की नेम अचूक. आणखी गेली की पुन्हा चुकलाच! पुढे वडिलांचा खून होतो, न्याय मिळत नाही आणि कॅट आगगाडी लुटते. गुरे पळवणाऱ्या क्ले बूनशी जुळलेले तिचे प्रेम या धामधुमीत अधूनमधून डोकावते.

शेलीन आणि चांदीचे नाक लावणारा मारेकरी स्ट्रॉन या दोन्ही भूमिका मार्व्हिन यांनीच केल्या. त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले; ते स्वीकारताना त्यांनी निम्मे श्रेय घोड्याला दिले. भिंतीला टेकून उभा असलेला तो घोडाही धन्याइतकाच झिंगलेला दिसतो.

नॅट किंग कोल व स्टबी के हे दोघे शाहिरांप्रमाणे मधूनमधून येऊन कथा गातात. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच कोल यांचे निधन झाले.