सर्व्हरची डिस्क भरली की डेटाबेस का थांबतो? जुने लॉग थेट डिलीट करणं का महागात पडतं?

29 ऑगस्ट 2023 रोजी जपानमधल्या टोयोटाच्या सर्व 14 कारखान्यांमधलं काम ठप्प झालं. हा सायबर हल्ला नव्हता, असं कंपनीने नंतर स्पष्ट केलं. सुट्या भागांच्या ऑर्डर सांभाळणाऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची देखभाल सुरू असताना डिस्कवरची जागा अपुरी पडली होती.

डिस्क भरण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक नेहमीचं कारण म्हणजे साठत जाणारे ट्रान्झॅक्शन लॉग.

हे लॉग म्हणजे काय?

दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात, खतावणी नंतर होते. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. ऑरॅकल डेटाबेसमध्ये या लॉगच्या ठरावीक फाइल आलटून पालटून वापरल्या जातात. आर्काइव्ह मोड सुरू असेल, तर जुनी फाइल पुन्हा वापरण्याआधी तिची प्रत वेगळी ठेवली जाते. हाच आर्काइव्ह लॉग. जुन्या नोंदी काढून टाकल्या तरी तो वाढतो, कारण डिलीट करणं हाही एक बदलच आहे.

जागा संपली की काय होतं?

प्रत ठेवायला जागा नाही, म्हणून जुनी फाइल पुन्हा वापरता येत नाही. सगळ्या फाइल अशा अडकल्या की नवे बदल थांबतात. 'ओआरए-00257' हा एरर दिसू लागतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर ॲप नुसतं फिरत राहतं.

फाइल थेट डिलीट केल्या तर?

समजा, रविवारी बॅकअप घेतला आणि गुरुवारी डिस्क बिघडली. रविवारची प्रत आणून त्यावर पुढचे लॉग क्रमाने चढवले, की डेटा गुरुवारपर्यंत परत मिळतो. पण मंगळवारची एकच फाइल गायब असेल, तर गाडी तिथेच अडते. बुधवार आणि गुरुवारचे लॉग हातात असूनही उपयोग नसतो.

दुसरी अडचण हिशेबाची. ऑरॅकलच्या रिकव्हरी एरियातून फाइल परस्पर काढल्या, तर डिस्क रिकामी दिसते. पण ऑरॅकलच्या नोंदीत ती जागा भरलेलीच राहते आणि एरर जात नाही. अशा वेळी आरमॅन या ऑरॅकलच्याच बॅकअप साधनातून पडताळणी करून गायब फाइलच्या नोंदी काढाव्या लागतात.

मग जागा कशी सांभाळायची?

- लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि मगच आरमॅनमधून मूळ फाइल काढाव्यात. दोन्ही कामं एकाच कमांडने होतात.
- पर्यायी (स्टँडबाय) सर्व्हर असेल, तर लॉग तिथे पोहोचून लागू झाल्याची खात्री करावी.
- जागेचा अंदाज सर्वाधिक कामाच्या दिवसावरून बांधावा. त्या दिवशी 40 जीबी लॉग तयार होत असेल आणि तीन दिवसांचे ठेवायचे असतील, तर किमान 120 जीबी लागतील. वर थोडी मोकळीक हवी.
- जागा 80 टक्के भरली की इशारा मिळेल, अशी सोय करावी.

जागा संपलीच, तर आधी लॉगसाठीची मर्यादा वाढवावी किंवा दुसरी डिस्क द्यावी. जागा मिळाली की अडकलेलं काम पुन्हा सुरू होतं. बॅकअप घेऊन साफसफाई त्यानंतर करता येते.