चिमूटभर ॲल्युमिनियमची कसोटी

गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना चिमटीची किंमत ठाऊक असते. वितळलेल्या लोखंडात शेकडा ०.०४ इतके मॅग्नेशियम राखले, की ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळे तयार होतात आणि ठिसूळ बिडाचे चिवट एसजी आयर्न होते. धातूंच्या ऑक्साइडमध्ये परक्या अणूंची भर घालणे, म्हणजे डोपिंग, हे याच जातीचे काम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पातळ थरांच्या संशोधनाला यात मोठी परंपरा आहे. फवारा पद्धतीवरचा प्रा. प्रमोद पाटील यांचा आढावा १९९९ साली प्रसिद्ध झाला. मात्र अशा संशोधनाचे मोल भर घालण्यात नाही. ती भर नेमकी कुठे बसली आणि गुण तिच्यामुळेच बदलला का, हे सिद्ध करण्यात आहे.

या फवारा पद्धतीत झिंक ॲसिटेटच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा थोडा क्षार मिसळतात आणि सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला तापलेल्या काचेवर त्याचा फवारा मारतात. द्रावक उडतो, क्षाराचे विघटन होते आणि झिंक ऑक्साइडचा पारदर्शक थर बसतो. त्यातले स्फटिककण काही दशक नॅनोमीटरचे असतात. झिंकच्या जागी ॲल्युमिनियमचा अणू बसला, तर एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वीज अधिक सहज वाहते. प्रमाण काही टक्क्यांपलीकडे गेले, की जादा ॲल्युमिनियम कणांच्या सीमांवर साचून वाहकता घटवते. त्यामुळे क्ष-किरणांच्या आलेखात वेगळ्या संयुगाचे नवे शिखर दिसले नाही, एवढ्यावर समाधान मानता येत नाही; स्फटिकरूप न घेतलेला अंश त्यात दिसतच नाही. शिखर किती सरकले, मोकळे इलेक्ट्रॉन किती वाढले आणि प्रकाश किती आरपार गेला, या तिन्ही मापांची साक्ष जुळायला हवी.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मोबाइलच्या पडद्यावरचा पारदर्शक वाहक थर बहुतेकदा टिन मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडचा असतो. इंडियम दुर्मीळ आणि महाग, म्हणून मुबलक झिंकचा पर्याय शोधणे योग्यच आहे. साध्या साधनांवर केलेले काम कमअस्सल, हा दुसरा आक्षेप. साधन स्वस्त असल्याने निष्कर्ष हलका ठरत नाही. पुरावा तोकडा पडला, तर ठरतो. तेच तेच प्रयोग होतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय एकच: फसलेली प्रमाणेही छापावीत, आणि दमट उष्ण हवेत झिंक ऑक्साइडचा थर वाहकता गमावतो म्हणून प्रत्येक नमुना कोल्हापूरचा एक पावसाळा काढल्यावर पुन्हा मोजावा.