ताडोबाच्या उंबरठ्यावर येणारी कोळसा खाण चंद्रपूरकरांनी कशी थांबवली?

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे निघालात की रस्त्यालगत मोठमोठे डोंगर दिसतात. नागपूर-पुण्याकडून आलेले पर्यटक हमखास विचारतात, "हा कुठला डोंगर?"

तर तो डोंगर नाहीच. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या उघड्या खाणींतून कोळसा काढताना वरची जी माती, मुरूम आणि दगड उपसले, त्याचा तो ढिगारा आहे. इंग्रजीत त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, इकडे सगळे नुसतं 'ओबी' म्हणतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीकडे कोळशासाठी डोंगरांचे माथे सुरुंगाने उडवतात आणि तिथली डोंगरी गावं त्याविरुद्ध लढतात. आपल्याकडे उलटं आहे. इथे सपाट जंगल आणि शेती खणून नवे डोंगर उभे राहतात. पण लढणाऱ्या माणसांचे प्रश्न तेच आहेत : पाणी, धूळ, जमीन.

यातली एक लढाई लोकांनी जिंकली. तिची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती बघू.

लोहारा हे चंद्रपूर शहराला खेटून, मूल रोडवर असलेलं गाव. त्याच्या मागे ताडोबाला जोडलेलं जंगल सुरू होतं. या जंगलाखाली कोळसा आहे. २००७ मध्ये इथला कोळसा ब्लॉक अदानी समूहाच्या वीज कंपनीला देण्यात आला. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं जे औष्णिक केंद्र आज उभं आहे, त्याला हा कोळसा मिळणार होता. २००८ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने प्रकल्पाच्या अभ्यासाची चौकट, म्हणजे 'टर्म्स ऑफ रेफरन्स' मंजूर केली. मंजुरीच्या शिडीची ही पहिली पायरी. एकदा ती चढली की पुढचं होतच जातं, असा सर्वसाधारण अनुभव असतो.

इथे मात्र चंद्रपूर उठलं. 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेचे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले आणि साधारण दोन आठवडे त्यांनी अन्न घेतलं नाही. विद्यार्थी, डॉक्टर, पर्यावरणवाले, राजकीय पक्षांचे कार्यकर्ते मंडपात येऊ लागले. ज्यांचा वाघाशी एरवी काही संबंध नव्हता, तेही आले. का आले, ते समजून घ्यायला हवं. आधीच खाणी, वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामध्ये हे शहर अडकलेलं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर त्यात चौथं होतं. शहराच्या एका बाजूला उरलेला हिरवा पट्टा म्हणजे हेच जंगल. त्यामुळे आंदोलन वाघाच्या नावाने झालं तरी ते माणसांच्या श्वासाचंही होतं.

दिल्लीत तेव्हा जयराम रमेश पर्यावरण मंत्री होते. ही जागा ताडोबाच्या प्रस्तावित बफर क्षेत्रात येते, हा मुद्दा निर्णायक ठरला आणि जानेवारी २०१० मध्ये खात्याने आधी दिलेली चौकट मागे घेतली. खाण थांबली. त्याच वर्षी ताडोबाचं बफर अधिसूचित झालं.

पण कोळसा ब्लॉक एकदा नकाशावर आला की तो सहसा जात नाही. चिमूर तालुक्यातला बंदर ब्लॉक बघा. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधल्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तो आहे. यावरही आधी आक्षेप झाले होते. तरी जून २०२० मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांसाठी ४१ ब्लॉकचा लिलाव जाहीर केला, त्यात बंदर होतंच. पुन्हा विरोध झाला. राज्याचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिलं आणि काही आठवड्यांतच बंदरचं नाव वगळल्याचं प्रकाश जावडेकर यांनी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मग वीज कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या घरातला कूलर कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच फिरतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयही नागपुरातच आहे आणि जमीन गेल्यावर वेकोलित लागलेल्या नोकरीवर विदर्भातली कितीतरी घरं उभी राहिली. खाणपट्ट्यात सगळे विरोधातच असतात, असं चित्र रंगवणं खोटं ठरेल. लोहाऱ्याचा हिशेबही साधा नव्हता. कोळसा न मिळाल्याने वीज दराचं काय, हा वाद पुढे वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणूनच खाण कुठे नको हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं. २००९-१० मध्ये 'गो' आणि 'नो-गो' अशी कोळसा क्षेत्रांची विभागणी करून बघितली गेली, त्यात वर्धा खोरंही होतं. ती कल्पना पुढे गुंडाळली गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्लॉकवर वेगळी लढाई होते.

ही लढाई बहुतेक वेळा जनसुनावणीत होते. जुलै २०२३ मध्ये नागपूरपासून जवळच, कळमेश्वर तालुक्यातल्या गोंडखैरी खाणीची सुनावणी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला. ही खाण भूमिगत आहे, म्हणजे वर ओबीचा डोंगर होणार नाही. मग विरोध कशाला? कारण जमिनीखाली पोकळी केली की वरची जमीन खचू शकते. शिवाय खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, त्याने आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. हा संत्र्याचा पट्टा आहे आणि संत्र्याची बाग पाणी तुटलं की वाळते. नवी बाग फळावर यायला पुन्हा वर्षं जातात.

सुनावणीचे नियम २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आहेत, आणि ते गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असायलाच हवेत. सुनावणी कंपनी नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीतही लागतो. संपूर्ण कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात. लेखी हरकतही देता येते, तिची पोच घ्यायला विसरू नका.

एक खाचखळगा मात्र आहे. सुनावणीला कोरम नसतो. गाव रागाने उठून गेलं, बहिष्कार टाकला, तरी समोर बसलेल्या मोजक्या लोकांच्या साक्षीने ती कागदोपत्री पूर्ण होऊ शकते. शिवाय इथे मतदान होत नाही. हजार जण 'नको' म्हणाले म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. मुद्दे दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीपुढे जातात आणि तिला त्यावर विचार करावा लागतो. त्यामुळे 'खाण नको' या घोषणेइतकाच, आपल्या विहिरीची मार्चमधली पाणीपातळी लिहिलेला कागदही तिथे पोचलेला बरा.