एका मताचे सामर्थ्य : ब्रिटनमधील कार्यकारी सत्ता आणि संसद

२८ मार्च १९७९ च्या रात्री ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वासाचा ठराव मतास टाकण्यात आला. ठरावाच्या बाजूने ३११ व विरुद्ध ३१० मते पडली. सत्तारूढ मजूर पक्षाचे एक सदस्य गंभीर आजारामुळे मतदानास उपस्थित राहू शकले नव्हते. एका मताने सरकार पराभूत झाले, सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागली आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. ब्रिटनमधील कार्यकारी सत्तेचे मर्म या घटनेत सामावलेले आहे.

त्या देशाचा कारभार राजाच्या नावाने चालतो; परंतु राजा मंत्र्यांच्या सल्ल्याने वागतो. ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. १६८९ च्या अधिकारांच्या सनदेने संसदेच्या संमतीवाचून कर बसविण्याचा राजाचा अधिकार संपुष्टात आणला. संसदेने संमत केलेल्या विधेयकास राजसंमती नाकारली जाण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ साली, राणी ॲन हिच्या कारकीर्दीत घडला. १७२१ पासून दोन दशके कारभाराची सूत्रे सांभाळणारे रॉबर्ट वॉल्पोल हे सामान्यतः पहिले पंतप्रधान मानले जातात. तथापि हे पद कोणत्याही कायद्याने निर्माण केलेले नाही. ते राजकीय संकेतांतून आकारास आले. ब्रिटनला एकत्रित स्वरूपाची लिखित राज्यघटना नसल्यामुळे अशा संकेतांना तेथे विशेष महत्त्व आहे.

अमेरिकेत अध्यक्ष व त्यांचे मंत्री विधिमंडळाबाहेर असतात. ब्रिटनमध्ये मात्र संकेतानुसार मंत्री संसदेच्या दोहोंपैकी एका सभागृहाचे सदस्य असतात. कनिष्ठ सभागृहाचा विश्वास ज्यास लाभतो, तोच पंतप्रधान होतो. मंत्रिमंडळातील चर्चा गोपनीय असते आणि एकदा निर्णय झाला म्हणजे प्रत्येक मंत्र्याने त्यास जाहीर पाठिंबा द्यावा अथवा पद सोडावे, अशी अपेक्षा असते. हीच सामुदायिक जबाबदारी होय.

याशिवाय प्रत्येक मंत्री आपल्या खात्याच्या कारभाराबद्दल संसदेस उत्तर देण्यास बांधलेला असतो. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाऊन येथील जमीन १९३८ मध्ये विमानदलाच्या बाँबफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतली होती. गरज संपल्यावर ती मूळ मालकाच्या वारसांना परत विकण्यास शेती खात्याने नकार दिला. चौकशीत अधिकाऱ्यांच्या वर्तनावर कठोर टीका झाली, तेव्हा शेतीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. अधिकारी स्थायी व राजकारणापासून अलिप्त राहावेत आणि त्यांची निवड गुणवत्तेवर व्हावी, या तत्त्वाचा पाया १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने घातला होता. अधिकारी सल्ला देतो, मंत्री निर्णय घेतो आणि जबाब संसदेस द्यावा लागतो, अशी ही साखळी आहे.

बहुमत भक्कम असले म्हणजे सभागृहावर सरकारचाच वरचष्मा राहतो, हेही खरे. अशा वेळी विरोधी पक्षाची टीका, प्रश्नोत्तरांचा तास आणि संसदीय समित्या यांचा अंकुश उपयोगी पडतो. न्यायालयाचे दारही खुले असते. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसदेचे कामकाज पाच आठवडे तहकूब केले. ब्रेक्झिटसारखा प्रश्न ऐरणीवर असताना संसदेला आपले कार्य करण्यापासून सबळ कारणावाचून रोखले गेले, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी २४ सप्टेंबर रोजी तो सल्ला एकमताने बेकायदेशीर ठरविला.

ब्रिटनमध्ये जे मुख्यतः संकेतावर चालते, ते भारताने आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले. केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे अनुच्छेद ७५ सांगतो. राज्यांतील मंत्रिमंडळे व विधानसभा यांच्या बाबतीत हेच तत्त्व अनुच्छेद १६४ मध्ये आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ व विरुद्ध २७० मते पडली, आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. लंडन असो वा दिल्ली, कार्यकारी सत्ता ही लोकप्रतिनिधींच्या विश्वासाची ठेव आहे. ती परत मागण्यास एक मतही पुरेसे असते.