मेगा ड्राइव्ह की सुपर निंटेंडो? माझं मत

नव्वदीच्या दशकात आपल्या शहरात, गुलमंडीपासून सिडकोपर्यंत, ज्याला सगळे 'व्हिडिओ गेम' म्हणायचे ते बहुतेकदा निंटेंडोच्या ८-बिट फॅमिकॉमची (१९८३) नक्कल असायचं. पिवळी कॅसेट लावायची आणि मारिओ, कॉन्ट्रा सुरू. जगात मात्र तेव्हा १६-बिटची लढाई रंगली होती.

सेगाचा मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ साली आला, निंटेंडोचा सुपर फॅमिकॉम, म्हणजेच सुपर निंटेंडो, १९९० साली. सेगाचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर साडेसात मेगाहर्ट्झच्या आसपास धावायचा, निंटेंडोचा जेमतेम साडेतीनच्या. म्हणूनच सेगाच्या सॉनिक गेमचा तो सुसाट वेग! रंगांत मात्र निंटेंडो कितीतरी पुढे: पडद्यावर एकावेळी २५६ रंग, सेगाकडे ६४. शिवाय जमीनच फिरवून दाखवणारा 'मोड ७', आणि सोनीने बनवलेली ध्वनीची चिप. सेगाचा यामाहा चिपवरचा खरखरीत, धातूसारखा आवाज मला तरीही जास्त आवडतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आपली टीव्ही पद्धत तेव्हा पाल होती, म्हणजे ५० हर्ट्झची. ६० हर्ट्झसाठी लिहिलेला आणि न सुधारलेला गेम पाल मशीनवर साधारण १७ टक्के हळू चालतो. सॉनिकसुद्धा!

स्ट्रीट फायटर २ साठी निंटेंडोच्या पॅडवर आधीपासूनच सहा बटणं होती, सेगाच्या पॅडवर तीनच. सहा बटणांचा पॅड १९९३ साली आला. तरी माझं मत मेगा ड्राइव्हला.

शहरात कोणाकडे चालू स्थितीतला मेगा ड्राइव्ह असेल तर नक्की कळवा, बघायला येईन.