किती वाव पाणी

बंगालमधल्या काटव्याच्या वरच्या अंगाला, सकाळी साडेआठच्या सुमारास आमचं जहाज वाळूत बसलं. हादरा असा जाणवलाच नाही. कपातला चहा एका कडेला सरकून पुन्हा जागेवर आला, इंजिनाचा सूर जड झाला, आणि काठावरचं केळीचं झाड खिडकीच्या चौकटीतून पुढे सरकेना, तेव्हा कळलं. शाल गुंडाळून मी वर गेले. नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक तरुण खलाशी उभा होता. हातात दोन पुरुष उंचीचा बांबू, त्यावर लाल-पांढरे पट्टे. तो बांबू पाण्यात उभा सोडायचा, तळाला टेकला की पट्टा बघायचा आणि मागे वळून आकडा ओरडायचा. मग दोन पावलं सरकून पुन्हा तेच.

गेली वीस वर्षं मी समुद्रावरच्या सफरी करते आहे. भूमध्य समुद्र झाला, अलास्का झालं, नॉर्वे झालं. तीन-तीन हजार प्रवाशांची ती जहाजं पाण्यात आठ-आठ मीटर खोल बुडालेली असतात, पण त्यांच्या तळाखाली किती पाणी आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. जहाज चालवणारी माणसंही तिथे नजरेस पडत नाहीत. रात्री झोपावं, सकाळी पडदा सारला की नवं बंदर.

हुगळीवरच्या या जहाजात खोल्या बावीसच. छतापासून जमिनीपर्यंत काच, पितळी दिवे, जेवणात रोज ताजी मासळी. आणि पाण्याखालचा भाग जेमतेम दीड मीटर. पाण्याचा हिशेब कोलकात्यातच सुरू झाला होता. हावडा पुलाखालून जायला आम्ही ओहोटीची वाट बघत थांबलो, कारण भरतीला पाणी चढलं की पुलाखालची जागा कमी होते. पहिल्या दिवशी श्रीरामपूर पाहिलं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली इथेच छापलं गेलं, त्यामुळे मी तिथे जरा जास्त रेंगाळले. मग चंदननगर आणि काल्न्याची १०८ शिवमंदिरं.

देवळांपेक्षाही मला आठवतंय ते काठावर उतरणं. काही गावांना धक्काच नाही. जहाज नाळ हळूच काठाला टेकवतं, आधी दोन खलाशी फावडी घेऊन उडी मारतात आणि दरडीच्या ओल्या मातीत पायऱ्या कापायला लागतात. प्रत्येक पायरी फावड्याच्या पाठीने थोपटून सपाट करतात, कडेला बांबूचा कठडा बांधतात, वर फळी टाकतात. वीस मिनिटांत जिना तयार. परत निघताना बांबू आणि फळ्या उचलल्या जातात आणि पायऱ्या गावातल्या पोरांसाठी राहतात. मला लहानपणीची कोकणची बोट आठवली. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, विजयदुर्गाला बाहेरच थांबायची आणि काठावरून पडाव यायचे. आईला हमखास बोट लागायची. नदीवर कुणालाच बोट लागत नाही.

त्या सकाळी मात्र उतरायचा प्रश्नच नव्हता. अडकलेलं जहाज सोडवायची घाई इथे चालत नाही. इंजिन जोरात उलटं फिरवलं तर पंख्याने उडालेली वाळू जहाजाच्याच पोटाखाली साचते. म्हणून आधी छोटी होडी सोडली. तिच्यात दोघं जण, एक वल्ह्यावर, एक बांबूवर. जहाजाभोवती मोठी कमान घेत ते पाणी मोजत गेले. मी सुकाणूच्या खोलीशी जाऊन उभी राहिले. मुख्य माणसाला इथे सारेंग म्हणतात, आपल्याकडचा सरंग. चाकावर बसतो तो सुकानी. हे शब्द ऐकताना परक्या मुलखात आहोत असं वाटत नाही.

“समोर यंत्र आहे, आकडा दाखवतंय. मग बांबू कशाला, दादा?” मी मोडक्या हिंदीत विचारलं.

“यंत्र आपल्या पोटाखालचं पाणी सांगतं, माशीमा,” सारेंग म्हणाला. “पुढचं कोण सांगणार?”

आणि बांबू नुसती खोली सांगत नाही. वाळूवर टेकला की हाताला कर्र जाणवतं. चिखलात गेला की चिखल त्याला धरून ठेवतो. वाळूत बसलेलं जहाज पाण्याच्या झोताने मोकळं होतं, चिकणमातीतलं लवकर सुटत नाही. खोली मोजायच्या जुन्या एककाला इथे बांओ म्हणतात. आमच्या गावचे मच्छीमार म्हणतात वाव: दोन्ही हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘व्याम’. सारेंगचे वडील स्टीमरवर होते. तेव्हा वजन बांधलेली दोरी सोडायचे आणि तळ नाही लागला की किती बांओ सोडले ते सांगून ‘मिळत नाही’ अशी लांब हाक द्यायचे. रवींद्रनाथांच्या ‘छुटी’ कथेतला फटिक कोलकात्यात आईपासून दूर, तापाच्या ग्लानीत याच हाका देतो, त्या त्याने स्टीमरवर ऐकलेल्या असतात. कथा मी कॉलेजात वाचली होती. ते पोर काय मोजत होतं हे मला भागीरथीच्या मधोमध उभं राहून कळलं.

भरती आली की जहाज उचललं जाईल, हा समुद्राचा हिशेब इथे लागू नाही. भरतीचा जोर नवद्वीपच्या आसपास संपतो, आणि नवद्वीपच्या वर नदीचं नावही भागीरथी होतं. हिवाळ्यात इथे जे पाणी आहे ते फराक्क्याहून येतं. गंगेचा मुख्य प्रवाह बांगलादेशाकडे वळला आणि कोरड्या महिन्यांत भागीरथी जवळजवळ तुटायची, कोलकात्याचं बंदर गाळाने भरत चाललं होतं. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला, ३८ किलोमीटरच्या कालव्यातून ४०,००० क्यूसेकपर्यंत पाणी इकडे वळवायची सोय झाली. हल्दियापासून प्रयागराजपर्यंत १,६२० किलोमीटरचा हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक. नकाशावर तो एक ठाम निळी रेघ आहे. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतर ती रेघ दर वर्षी कुठेतरी सरकलेली असते. काल खोल होतं तिथे आज चर, म्हणजे वाळूचं बेट. म्हणून त्या पट्ट्याची माहिती असलेला पायलट जहाजावर चढतो आणि वाट दाखवायला पाण्यात बांबू रोवलेले असतात.

होडी परत आली. डाव्या हाताला खोल पाणी होतं, जहाजाच्या लांबीच्या निम्म्यावर. इंजिन अगदी हळू उलटं फिरू लागलं. मागचं पाणी दुधाळ चहासारखं झालं. मिनिटभर चालवायचं, थांबायचं, गाळ वाहून जाऊ द्यायचा, पुन्हा मिनिटभर. या थांबण्यात मला एक शुशुक दिसला: गंगेतला डॉल्फिन, २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर. त्याला जवळजवळ दिसत नाही, आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट काढतो. राखाडी पाठ वळली आणि गेली. तासाभराने केळीचं झाड हललं.

आदल्या संध्याकाळी काटव्यासमोर मुक्काम होता. १७४२ साली मराठ्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांची छावणी याच भागात होती, जवळच्या दाइनहाटला त्यांनी दुर्गापूजा मांडली, आणि बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने नावांचा पूल करून पहाटे हल्ला चढवला. शाळेत आम्ही हे मोहीम म्हणून शिकलो. मी महाराष्ट्रातली, हे ऐकल्यावर सारेंग थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, लहानपणी आई झोपवताना बर्गी येईल म्हणायची. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. त्यांनी गावं जाळली, धान्य नेलं, माणसं मारली. समुद्रावरच्या कुठल्याच बंदरात मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मला वाईट वाटतं. त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मुर्शिदाबादच्या आदल्या सकाळी धुकं होतं, जहाज दोरांनी काठाला बांधलेलं. नाळेवरच्या मुलाने मला बघितलं आणि बांबू पुढे केला. “घ्या, माशीमा.” ओला बांबू हाताला वाटला त्यापेक्षा जड होता. मी तो उभा सोडला. टेकला तेव्हा तळहाताला बारीक कर्र जाणवलं.

“वाळू,” मी म्हणाले.

“वाळूच. पण थोडं दाबा. खाली चिखल आहे.”