फास्टॅगपासून दुकानापर्यंत : व्यवसायासाठी आरएफआयडीची तोंडओळख



बारावीनंतर जिंतूरची काही मुलं शिकायला परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुण्याला जातात. बरीच मुलं घरचं दुकान, आडत किंवा शेतमालाचा व्यापार पुढं चालवतात. कुठल्याही वाटेनं गेली तरी गोदाम, मालवाहतूक आणि दुकानातला साठा यांच्याशी त्यांचा संबंध येणारच. तिथं 'आरएफआयडी' हा शब्द आता वारंवार कानावर पडतो. यंत्रं विकणारे दुकानात येतात आणि "सगळा माल आपोआप मोजला जाईल" असं सांगतात. शाळेतही हजेरीची कार्डं घेऊन येतात. ही वस्तू नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे ठाऊक नसेल तर आपण फक्त जाहिरातीवर विसंबून पैसे घालतो. म्हणून हा पाठ. वाणिज्य आणि विज्ञान अशा दोन्ही वर्गांत तो घेता येईल.

नाव आणि भाग

आरएफआयडी म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी आयडेंटिफिकेशन. साध्या मराठीत, रेडिओ लहरींच्या मदतीनं वस्तूची ओळख पटवणं. यात तीन गोष्टी लागतात.

१. टॅग : वस्तूवर लावायची चिठ्ठी किंवा कार्ड. त्यात एक बारीक चिप आणि तिला जोडलेला अँटेना असतो. चिपमध्ये मुख्यतः एक क्रमांक असतो.

२. रीडर : रेडिओ लहरी सोडणारं आणि टॅगकडून आलेलं उत्तर वाचणारं यंत्र.

३. नोंदवही : म्हणजे संगणकातली यादी. कोणता क्रमांक कोणत्या वस्तूचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

मुलांना नेहमी एक प्रश्न पडतो : टॅगमध्ये बॅटरी नसते, मग तो बोलतो कसा? रीडरच्या लहरी टॅगच्या अँटेनावर पडल्या की त्यातूनच चिप जागी होण्यापुरती वीज मिळते. मग टॅग त्या लहरी कमी-जास्त प्रमाणात परत पाठवतो आणि त्या चढउतारातून आपला क्रमांक कळवतो. उन्हात आरसा हलवून लांबच्या माणसाला खूण करतो ना, तसंच. प्रकाश सूर्याचा, खूण आपली. अशा टॅगला निष्क्रिय टॅग म्हणतात. बॅटरी असलेले सक्रिय टॅगही असतात. ते लांबून वाचले जातात, पण महाग पडतात.

रोजच्या पाहण्यातलं उदाहरण

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा निष्क्रिय आरएफआयडी टॅगच आहे. २०१४ मध्ये अहमदाबाद–मुंबई मार्गावर त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलात तरी हाच टॅग वाचला जातो.

इथं एक गैरसमज दूर करू. फास्टॅगमध्ये पैसे नसतात. रीडर टॅगचा क्रमांक वाचतो, तो क्रमांक राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेमार्फत टॅग देणाऱ्या बँकेकडं जातो आणि तिथल्या खात्यातून टोल वजा होतो. म्हणजे टॅग फक्त "मी अमुक क्रमांक" एवढंच सांगतो. पुढचं सगळं काम नोंदवहीचं.

किती अंतरावरून वाचता येतो?

हे लहरींच्या वारंवारतेवर अवलंबून असतं. ढोबळमानानं तीन प्रकार लक्षात ठेवा.

कमी वारंवारता, १२५ ते १३४ किलोहर्ट्झ : काही सेंटिमीटरवरून वाचन. जनावरांना बसवायच्या चिप, मोटारीच्या किल्ल्या.

उच्च वारंवारता, १३.५६ मेगाहर्ट्झ : काही सेंटिमीटरपासून साधारण मीटरभर. ग्रंथालयातली पुस्तकं, मेट्रोची कार्डं, 'टॅप' करायचं बँकेचं कार्ड.

अतिउच्च वारंवारता, भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास : काही मीटरवरून वाचन. फास्टॅग, गोदामं, कपड्यांची मोठी दुकानं.

शेवटच्या प्रकारातल्या टॅगना पाणी आणि धातू अडचणीचे ठरतात. पाणी लहरी शोषून घेतं, धातू त्या परतवून लावतो. कोरड्या कापडाच्या गठ्ठ्यात टॅग छान वाचला जातो. तोच टॅग तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर किंवा पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यात दगा देतो. धातूसाठी खास टॅग मिळतात, पण ते महाग असतात. त्यामुळं विक्रेत्यानं दाखवलेलं प्रात्यक्षिक आपल्याच मालावर करून घ्या.

प्रत्येक चिठ्ठी आरएफआयडी नसते

बारकोड किंवा क्यूआर कोड वाचायला तो डोळ्यांसमोर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर, यावा लागतो. शिवाय एका वेळी एकच वाचायचा. आरएफआयडी टॅग पुठ्ठ्याच्या आडूनही वाचला जातो आणि रीडर एकाच फेरीत शेकडो टॅग टिपू शकतो. हा मोठा फरक. पण बारकोड छापायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, हाही फरकच.

आपल्याकडच्या बाजारात दोन गोष्टी मुलांना दाखवा. एक, गाईम्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला. त्यावर १२ अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी हा बिल्ला आवश्यक केला आहे. पुष्कळांना वाटतं त्यात चिप आहे, पण तो छापील क्रमांक आणि बारकोडच असतो. दुसरी, कापसाची गाठ. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपली सीसीआय, गाठींचा माग ठेवायला क्यूआर कोड वापरते. या दोन्ही ठिकाणी रेडिओ नाही, तरी काम चालतं. कारण जनावर किंवा गाठ एकेक करूनच हाताळली जाते. माणूस तिच्याजवळ जाणारच असतो.

मुख्य मुद्दा : वाचला जातो तो टॅग

या पाठातली एकच गोष्ट मुलांनी लक्षात ठेवायची झाली तर ती ही : रीडर वस्तू वाचत नाही, तो टॅग वाचतो. टॅग आणि वस्तू यांची गाठ माणसानं बांधलेली असते. ती सैल झाली की यंत्र न चुकता चुकीची माहिती देत राहतं.

फास्टॅगच्या बाबतीत हेच घडलं. काही चालक टॅग काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवायचे, काही जण एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला वापरायचे. टॅग खरा, क्रमांक खरा, गाडी मात्र वेगळी. शेवटी २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला 'एक वाहन, एक फास्टॅग' ही मोहीम राबवावी लागली, आणि काचेवर टॅग न लावलेल्या गाड्यांकडून दुप्पट टोल घेण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचाही निर्णय झाला. यात लहरींची काही चूक नव्हती. गाठ नीट बांधलेली नव्हती.

जिथं उपयोग झाला : न्हावा शेवा

आता महाराष्ट्रातलंच यशस्वी उदाहरण बघू. न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ मध्ये 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' हा प्रकल्प सुरू झाला. कंटेनरला आरएफआयडी टॅग लावतात आणि त्याच वेळी टॅगचा क्रमांक कंटेनरच्या क्रमांकाशी जोडतात. मग बंदराचं फाटक, वाटेतले टोलनाके, कंटेनर डेपो अशा ठिकाणचे रीडर त्याची नोंद घेतात. आपला कंटेनर कुठवर आला हे व्यापाऱ्याला संगणकावर दिसतं. पुढं देशातली इतर बंदरंही या यंत्रणेत आली.

इथं आरएफआयडी का परवडतं? कंटेनर चालत्या ट्रकवर असतो, थांबवून कोड वाचत बसणं शक्य नाही. आतला माल लाखोंचा, त्यापुढं टॅगची किंमत नगण्य. आणि एकाच नोंदीचा उपयोग आयातदार, वाहतूकदार, बंदर अशा अनेकांना होतो.

उलट बाजूही बघा. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आरएफआयडी टॅग लावून माल पाठवा. टॅगचा खर्च पुरवठादारांचा आणि सोय मुख्यतः वॉलमार्टची, असं झाल्यानं पुरवठादार कुरकुरले आणि ती योजना ठरल्याप्रमाणं पुढं सरकली नाही. म्हणून 'खर्च कुणाचा आणि फायदा कुणाचा' हा प्रश्न आधी विचारायचा.

फळ्यावरचं गणित

जिंतूरच्या पेठेतलं एक साडीचं दुकान धरू. खालचे आकडे फक्त गणितासाठी आहेत. वर्गात मुलांना खरे भाव विचारून आणायला सांगा.

दुकानात ४,००० साड्या. प्रत्येक साडी काढून बारकोड वाचायला १० सेकंद, म्हणजे ४०,००० सेकंद, सुमारे ११ तास. आरएफआयडी रीडर घेऊन फिरलं तर समजा १ तास. एका मोजणीत १० तास वाचले. तासाची मजुरी ८० रुपये धरली तर ८०० रुपये.

आता खर्च. रीडर ६०,००० रुपये आणि टॅग ८ रुपयांना एक, म्हणजे ४,००० टॅगचे ३२,००० रुपये.

दुकानदार वर्षातून दोनदाच माल मोजत असेल तर बचत १,६०० रुपये. विषयच संपला! दर आठवड्याला मोजत असेल तर ५२ मोजण्यांचे ४१,६०० रुपये. पण साडी विकली की टॅग गिऱ्हाइकाबरोबर जातो. वर्षाला ४,००० साड्या विकल्या तर नवे टॅग ३२,००० रुपयांचे. उरले ९,६००. रीडरचे ६०,००० वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त.

म्हणजे नुसती मजुरी वाचते म्हणून हे घेणं लहान दुकानाला परवडत नाही. मग मोठी कपड्यांची दुकानं का घेतात? कारण त्यांचं नुकसान वेगळ्या ठिकाणी होत असतं. माल गोदामात असतो, पण फडताळावर नसतो, गिऱ्हाईक "नाही का? बरं" म्हणून निघून जातं. किंवा माल चोरीला जातो आणि ते सहा महिन्यांनी कळतं. आपल्या दुकानात असं नुकसान किती होतं, हे आधी दोन महिने साध्या वहीत लिहून काढा. तो आकडा मोठा निघाला तरच पुढचं बोलणं करा.

आता शाळेची गोष्ट

काही शाळांत मुलांच्या गळ्यातल्या ओळखपत्रात आरएफआयडी असतं. मूल फाटकातून आत गेलं की पालकांच्या मोबाइलवर संदेश येतो. आईवडिलांना हायसं वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण मुख्य मुद्दा इथंही लागू होतो : शाळेत पोचलं ते कार्ड. मित्राच्या दप्तरातून गेलेलं कार्डही तोच संदेश पाठवतं. आणि कार्ड घरी विसरलेलं मूल वर्गात बसलेलं असलं तरी यंत्राच्या लेखी ते गैरहजरच. म्हणून वर्गशिक्षकांनी नावं घेऊन, चेहरा बघून घेतलेली हजेरी बंद करू नये. कार्ड तिच्या जोडीला असावं, तिच्या जागी नको.

पालकांनी शाळेला तीन प्रश्न जरूर विचारावेत. मुलांच्या येण्याजाण्याची नोंद कुठं साठवली जाते? ती शाळेबाहेर कुणाला दिसते? मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसली जाते का? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यामुळं विचारायला संकोच नको.

वर्गात करून पाहण्यासाठी

वर्गातल्या ३० वस्तूंना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावा आणि वहीत यादी करा. एका गटाला यादीवरून वस्तू शोधायला सांगा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. मग मुलांना न सांगता पाच चिठ्ठ्यांची अदलाबदल करा आणि दुसऱ्या गटाला फक्त चिठ्ठ्या वाचून साठा मोजायला सांगा. मोजणी बरोबर ३० येईल. त्यानंतर एकेक वस्तू उचलून यादीशी ताडायला लावा. मोजणी बरोबर येऊनही साठा चुकीचा कसा निघाला, याचं उत्तर मुलांनाच शोधू द्या. घरी दुकान असलेल्या मुलांकडून आणखी चार उदाहरणं हमखास मिळतील.